केरू गुरवाचं मशीन नंबर चार

जुन्या वस्तू पिशवीत घालून दुकानात येणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. परटवण्याला माझं इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान आहे. पण रत्नागिरीत कॉम्प्युटर नवे नवे आले तेव्हा ते दुरुस्त करणाऱ्या दोन-तीन जणांत मी होतो, आणि लोकांची आठवण नको तिथे शाबूत असते. कुणी मेलेला प्रिंटर आणतं, कुणी वडिलांचा टेपरेकॉर्डर. वर म्हणायचं, "गुरू, तुझ्याकडे होईल रे!" होत नाही. होणार असेल तरी मी नाहीच म्हणतो.

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका बुधवारी दुकानाच्या पायरीवर एक सडपातळ म्हातारा चप्पल काढताना दिसला. माझ्या दुकानात चप्पल कुणी काढत नाही. मी स्वतःही काढत नाही.

"अहो, असेच या आत!" मी ओरडलो.

"कंपुटर हाय ना आत?"

बिलं करायला एक आहे खरा. पण तेवढ्या एका प्रश्नावरून मी माणूस ओळखला. तीस वर्षांत त्याचे केस गेले होते, दात गेले होते, आवाज तसाच होता. "केरू?"

"व्हय. म्हनजे वळकलंस."

केरू गुरव हा लिमये सरांच्या कॉम्प्युटर क्लासचा शिपाई. कधीमधी दुरुस्तीला मी तिथे जायचो. त्र्याण्णव साली टिळक आळीत सरांनी क्लास काढला. चार मशीन, खिडक्यांना जाड पडदे, एसी, आणि दाराशी पाटी: 'चप्पल बाहेर काढावी'. धुळीने कॉम्प्युटर मरतो असं तेव्हा सगळे मानत. त्यामुळे रत्नागिरीची एक अख्खी पिढी ओल्या मोज्यांच्या वासात डॉस शिकली. सर गेले, क्लास गेला, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. केरूने मात्र नियम मोडला नाही. कॉम्प्युटर असलेल्या कुठल्याही खोलीत तो चप्पल घालून शिरत नाही. बँकेतसुद्धा. बँकेतून एकदा चप्पल चोरीला गेली, तरीही नाही.

त्याने पिशवीतून दुधाच्या पावडरीचा डबा काढला आणि काउंटरवर ठेवला. डब्यात तांदूळ होते. तांदळात हात घालून त्याने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक फ्लॉपी बाहेर काढली. आमच्याकडच्या दमट हवेत फ्लॉपीवर बुरशी येते, शेवाळ धरल्यासारखी. ही कोरडी ठणठणीत होती.

"दर साली तांदूळ बदलतो," तो म्हणाला. "ह्यातला ख्येळ चालवून देशील?"

मी नाही म्हणणार होतो. पण तीस वर्षं तांदळात फ्लॉपी ठेवणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय असेल, हे मला जाणून घ्यायचं होतं. माझी सगळी नुकसानं ह्याच खोडीपायी झाली आहेत.

खेळ मला अंधुक आठवत होता. मुंबईहून आलेल्या कुणा विद्यार्थ्याने आणलेला. नाव इंग्रजी होतं, केरू त्याला 'भुयार' म्हणायचा. हातात दिवा घेतलेला एक चिमुकला माणूस गुहांमधून चालतो, दरडी चुकवतो, वटवाघळं चुकवतो. केरू गावाहून पहिल्या एसटीने यायचा, सात वाजता क्लास उघडायचा, झाडायचा, मशीन पुसायचा आणि गणपतीला उदबत्ती लावायचा. साडेआठपर्यंत मग तो आणि मशीन नंबर चार. चौथ्या गुहेत एक पूल होता. तो मधूनच दुभंगायचा आणि मधूनच जुळायचा. क्लासातल्या कुणालाही तो पार करता आला नाही. केरूला आला.

"येकदाच आला," केरू म्हणाला. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पुलापल्याड काय हाय सांगू? कोंबडी. शिंव्हासनावर बसल्येली. डोक्यावर मुकुट."

मी हसलो.

"घरचे बी असेच हसतात," तो म्हणाला. आणि एवढा हसरा माणूस, पण त्याचा चेहरा एकदम उतरला. मग मी चहा मागवला.

चहा पिता पिता जे कळलं ते असं. केरूचं घराणं गावच्या नवलाई-पावणाईच्या देवळाचं गुरव. पूजा, कौल, गाऱ्हाणं, सगळं त्यांच्याकडे. केरू आणि त्याचा धाकटा भाऊ विठू ह्यांच्यात वर्षाआड पाळी असते आणि ती देवदिवाळीला बदलते. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलणं. बाराही वाड्यांची नावं, मानकरी, कुणाचं दुखणं, कुणाची नोकरी, कुणाचं हरवलेलं वासरू, सगळं तोंडपाठ, कागद न घेता. केरूच्या वडिलांनी ते पन्नास वर्षं घातलं. शेवटच्या दोन वर्षांत मात्र ते अर्ध्यावर थांबत आणि समोरच्यालाच विचारत, "मी कोन?"

"माज्या गेल्या पाळीत, शिमग्याला, माज्याकडनं येक वाडी ऱ्हायली," केरू म्हणाला. "तळ्याचा कोंड. त्या वाडीचे लोक समोर उबे, नि मी त्येंचं नाव घ्यायचा ईसरलो. विठू म्हनतो, दादा, आप्पांसारकं व्हायला लागलंय तुजं. ह्या देवदिवाळीला तुजी पाळी येतेय, ती माज्या झिलाला दे. तो कागदावर लिवून घेईल."

"आणि खेळाचा काय संबंध?"

"विठू म्हनतो, ती कोंबडी बी तुज्या डोक्यातलीच. ख्येळात कोंबडी कंदी नव्हतीच. मना येवडंच बगायचंय, गुरू. कोंबडी हाय का न्हाय. असली तं माजं डोकं ठिकाणावर हाय. नसली तं मी आपनहून पाळी सोडतो."

पाळीच्या वर्षी देवळात रोज देवाला कौल लावणारा हा माणूस. दगडाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी म्हटलं, "मग देवालाच विचार की!"

"भ्या वाटतं," तो म्हणाला.

 मी फ्लॉपी घेतली.

फ्लॉपी अजूनही वाचली गेली हे नवल. खेळ मी एका कार्डावर उतरवला, हार्ड डिस्कच्या जागी लावता येतं तसलं कार्ड. विठूच्या मुलाने पूर्वी एकदा तो फ्लॉपी चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर चालवून बघितला होता. पुलापाशी आला की गोठायचा, पुढेही नाही आणि मागेही नाही. नेटवर शोधलं तर एका लांबलचक यादीत नुसतं नाव सापडलं, चित्र एकही नाही. म्हणजे ह्या कोंबडीची खबर असलेला जगात आम्हाला सापडलेला माणूस एकच, आणि त्याच्यावर त्याच्या घरच्यांचा विश्वास नाही.

"मशीन कसलं होतं?" मी विचारलं.

"सहासष्ट," केरू ताडकन म्हणाला. "डब्यावर लाल आकडा पेटायचा. मी रोज फडक्यानं पुसायचो तो."

म्हणजे फोर-एटी-सिक्स, सहासष्ट मेगाहर्ट्झ. त्या काळातला घोडा. आता प्रश्न असा की जुने खेळ मशीनच्या वेगावर नाचतात. मशीन दुप्पट वेगाचं असेल तर खेळातला माणूस दुप्पट धावतो, आणि पूलही दुप्पट वेगाने दुभंगतो. म्हणून जुन्या खेळासाठी चांगलं मशीन निवडायचं नसतं, त्याच्या जोडीचं निवडायचं असतं. गाडीला नवा बैल लावून चालत नाही, जुन्याच्या पावलाशी पाऊल टाकणारा लागतो.

असे बैल मिळतात अयूबभाईकडे. मिरजोळ्याला त्याचं भंगाराचं आवार आहे. अयूबभाई बारा वर्षं कुवेतला होता, परत येऊन भंगारात पडला. त्याच्याकडे बंद पडलेल्या ऑफिसांचे, कारखान्यांचे कॉम्प्युटर ताडपत्रीखाली रचून ठेवलेले असतात. आम्ही दर बुधवारी तिथे जायला लागलो. एकाहत्तर वर्षांचा अयूबभाई, त्रेसष्ट वर्षांचा केरू आणि साठीचा मी, तिघे उकिडवे बसून मदरबोर्ड चाळत असायचो. केरू आवाराच्या फाटकाशी चप्पल काढायचा. "अरे, खिळे आहेत, पत्रा आहे, पाय कापशील!" अयूबभाई कळवळून ओरडायचा. केरू ऐकायचा नाही.

पहिले दोन फोर-एटी-सिक्स मेलेले निघाले. त्या बोर्डांवर घड्याळ चालू ठेवायला एक बॅटरी डकवलेली असते. वर्षांनी ती गळते आणि तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकते. तिथे आंब्यावर फवारायच्या मोरचुदासारखा निळा-हिरवा थर साचतो. तिसरा बोर्ड थोडक्यात वाचला होता. मी केरूला म्हटलं, ह्यावर आंबट काहीतरी चोळून पुसलं पाहिजे. पुढच्या बुधवारी तो घरून कोकमाचं आगळ घेऊन आला आणि मी वळेपर्यंत त्यात बोटही बुडवलं होतं.

"मीठ आहे त्यात!" मी किंचाळलो. "बोर्डाची सोलकढी करतोस काय?"

शेवटी लिंबाने पुसला. वर दोन पाण्यांनी धुऊन तीन दिवस बॅटऱ्यांच्या खोलीत वाळवला.

जोडणीला बसल्यावर मात्र मला त्याच्याकडून शिकायची पाळी आली. बोर्ड सुरू होईना. मी नेहमीप्रमाणे मेमरी बदलली आणि त्याच झटक्यात डिस्प्लेचं कार्डही बदललं. केरूने माझा हात धरला.

"येका वक्ताला येकच."

"काय एकच?"

"सवाल. कौल लावताना लोक इचारतात, पोरगीचं लग्न ठरंल का नि नवरा मुंबयचा मिळंल का? अशानं देव गप ऱ्हातो. आदी इचार, ठरंल का? मग दुसरं." त्याने माझ्या हातातलं कार्ड काढून घेतलं. "तू दोन जिनसा बदललास. आता चालू झाला तं कशानं झाला, ते कुनाला इचारनार?"

चाळीस वर्षं मी ह्या धंद्यात आहे. कानामागून आलेला हा शिपाई मला धंदा शिकवत होता, आणि त्याचं बरोबर होतं ह्याचा मला जास्त राग आला. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. मेमरी बदल, बघ. नाही. परत लाव. कार्ड बदल, बघ. सातव्या प्रश्नाला बोर्डाने बीप दिला आणि केरूने हात जोडले.

जुना चौदा इंची मॉनिटर, पावाएवढ्या जाडीचा कीबोर्ड, आणि पडद्यावर भुयार. दिवा घेतलेला माणूस बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि भिंतीवर आपटला. केरूने तीन गुहा कशाबशा पार केल्या. पूल मात्र पापणी लवावी तसा उघडमीट करत होता. केरू पडला. पुन्हा पडला. त्या दुपारी तो त्रेचाळीस वेळा पडला.

"तेव्हा असा नव्हता," तो म्हणाला.

मग आमची खरी शोधाशोध सुरू झाली. सहासष्ट सहासष्टांतही फरक असतो. मी बोर्डावरची वेगवान मेमरी बंद करून बघितली. डिस्प्लेचं जलद कार्ड काढून जुनं संथ कार्ड घातलं. अयूबभाईने दुसऱ्या बनावटीचा सहासष्ट शोधून आणला, मग तिसऱ्या. एकेक प्रश्न, एकेक उत्तर, सगळी उत्तरं नाही. पूल थोडा मंदावायचा, पण केरूच्या आठवणीतला व्हायचा नाही. तो डोळे मिटून बोटांनी टेबलावर ताल धरायचा: उघडा, येक दोन तीन, बंद. डोळे उघडून पडद्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. भाद्रपद गेला, अश्विन आला. त्याचं ते ताल धरणं मला घरी जेवतानाही दिसायला लागलं.

एका बुधवारी अयूबभाईने एक बोर्ड पुढे केला. चिऱ्याच्या खाणीवरच्या वजनकाट्यात वीस वर्षं चाललेला थ्री-एटी-सिक्स, सोळा मेगाहर्ट्झ. चिऱ्यांच्या ट्रकांची वजनं केली एवढीच त्याची हयात. लाल धूळ बसलेली, पण बोर्ड निरोगी.

"ह्यावर चालेल बघ," मी केरूला म्हटलं. "हळू आहे. पूल सहज जमेल."

"सोळा?" केरू मागे सरकला. "माजा सहासष्ट व्हता."

"अरे, आकडा चुकीचा लक्षात राहिला असेल. तीस वर्षं झाली!"

बोललो आणि जीभ चावली. केरू माझ्याकडे बघत राहिला. विठूने बघावं तसंच मी त्याच्याकडे बघतोय हे त्याला कळलं होतं.

"सहासष्ट चुकला," तो हळूच म्हणाला, "तं कोंबडी बी चुकली, गुरू. दोनी येकाच डोक्यात हायत."

त्या दिवशी तो लवकरच्या एसटीने गेला. खरं सांगायचं तर तोवर माझंही मत झालं होतं की केरूचं डोकं वडिलांच्या वाटेने चाललंय. मला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो, म्हणून त्या आठवड्यात मी तीन गिऱ्हाइकांशी भांडलो.

देवदिवाळीला बारा दिवस उरले असताना अयूबभाईचा फोन आला. "गुरू, तुमच्या क्लासाचा डबा आलाय माझ्याकडे. चार नंबरचा. केरूला घेऊन ये."

लिमये सरांच्या पुतण्याने घर रिकामं करताना माळ्यावरचं सगळं भंगारात घातलं होतं. त्यात ते कॅबिनेट. पिवळं पडलेलं, बाजूला ऑइलपेंटने काढलेला चार, आणि फ्लॉपीच्या फटीशी लाल डाग. केरूने डागावर बोट ठेवलं. "दसऱ्याचं कुंकू. सरांच्या मंडळीनी पूजा केलनी तवा फटीत सांडलं. मग दोन दिस फ्लॉपी अडकायची." मग त्याने डोळे मिटले. "मी दुसऱ्या दिवशी पार केला तो ह्यावरच."

आम्ही डब्याचं झाकण उघडलं. आत काही नव्हतं. बोर्ड नाही, मेमरी नाही, कार्ड नाही. कुणीतरी केव्हाच काढून नेलेलं. उरलं होतं ते पॉवर सप्लाय, एक मुकी हार्ड डिस्क, आणि पुढच्या बाजूला आकड्याची छोटी पट्टी. तिथून पुढे शोधण्यासारखं काही उरलंच नव्हतं. केरू खाली बसला.

"पॉवर सप्लाय तरी जिवंत आहे का बघू," अयूबभाई म्हणाला. काहीतरी करायचं म्हणून त्याने वायर लावली आणि खटका दाबला.

पंखा फिरला. आणि रिकाम्या डब्याच्या तोंडावर लालबुंद आकडा पेटला. सहासष्ट.

केरू गुडघ्यांवर पुढे आला. त्याने आकड्याकडे बघितलं, मग वाकून डब्याच्या आत बघितलं, मग पुन्हा आकड्याकडे.

"आत तं कायच न्हाय," तो म्हणाला. "मग सहासष्ट कोन सांगतंय?"

अयूबभाईने माझ्याकडे बघितलं. ते कोण सांगतंय हे मला त्या क्षणी आठवलं. मीच.

तो आकडा काही मोजत नाही. कधीच मोजत नव्हता. त्या पट्टीच्या मागे बारीक पिना असतात, त्यांवर तांदळाच्या कणीएवढ्या काळ्या टोप्या बसवायच्या. जशा बसवाल तसा आकडा पेटतो. दुकानदार आतल्या मशीनप्रमाणे बसवून देतात, असं सगळे समजत. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात समोरच्या आळीत दुसरा क्लास उघडला, त्याने पाटीवर सहासष्ट लिहिलं, आणि लिमये सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "गुरू, आकडा तेवढा वाढव. मशीनं पुढच्या वर्षी बदलू." मी चिमटा घेतला आणि चारही डब्यांवर सोळाचे सहासष्ट केले. वीस मिनिटांचं काम. नंतर चहा आणि दोन बटाटेवडे खाल्ले. पुढे इतक्या दुकानदारांसाठी, इतक्या डब्यांवर हे केलं की त्यातलं एकही माझ्या लक्षात राहिलं नाही.

हे सगळं मी तिथेच, भंगारात उभा राहून, सांगितलं. सांगताना केरूच्या अनवाणी पायांकडे बघत होतो.

चार महिने हा माणूस माझ्यासमोर सहासष्ट सहासष्ट म्हणत होता आणि मी त्याला म्हटलं होतं, तुझ्या लक्षात चुकीचं राहिलं असेल. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्याने मला शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं.

केरूने पेटलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "सरांना ठाव व्हतं?"

"त्यांनीच सांगितलं होतं."

"हं."  मग त्याच्या डोळ्यांत ती नेहमीची हालचाल दिसली, प्रश्न सुचला की होते ती. "म्हनजे माजं सहासष्ट खरं."

"खरं."

"मग आत काय व्हतं?"

"थ्री-एटी-सिक्स. सोळाचा."

अयूबभाई आधीच ताडपत्री उचलायला गेला होता.

वजनकाट्याचा बोर्ड आम्ही त्याच डब्यात बसवला. पॉवरच्या दोन वायरी मी लावायला गेलो तर केरूने डोकं पुढे घातलं. "काळी वायर काळीला खेटून ऱ्हावंदे. उलटी लागली तं धूर निगंल." हे मी त्याला त्र्याण्णव साली एकदा सांगितलं होतं. एकदाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, दिवा घेतलेला माणूस चालायला लागला. धावला नाही, चालला. केरूची बोटं कीबोर्डवर अशी पडली की ती तीस वर्षं तिथेच होती असं वाटावं. एक गुहा, दुसरी गुहा, तिसरी. चौथीत पूल आला. उघडा, येक दोन तीन, बंद. त्याने पुटपुटलेला ताल आणि पडद्यावरचा पूल बरोबर एकावर एक बसले. पहिल्या खेपेला तो पडला. दुसऱ्या खेपेलाही पडला, वयाची बोटं. अयूबभाई माझ्या खांद्याला धरून उभा होता आणि काहीतरी पुटपुटत होता, बहुधा दुआ. तिसऱ्या खेपेला चिमुकला माणूस पुलाच्या टोकावर थांबला, केरूने श्वास घेतला, आणि माणूस पलीकडे गेला.

पडदा काळा झाला. मग उजळला. लाल पायऱ्या, पिवळं सिंहासन, सिंहासनावर पांढरी कोंबडी, डोक्यावर मुकुट. खालून दोन सुरांची पिपाणी वाजली आणि कोंबडीने एक अंडं घातलं.

आम्ही तिघे थोर माणसं त्या अंड्याकडे बघत बसलो. अयूबभाई हसायला लागला आणि थांबेना. केरू हसला नाही. त्याने पंच्याने डोळे पुसले, तोंड पुसलं, मग पडदाही पुसला.

"फोटो काढतो," मी म्हटलं. "विठूला पाठवू."

"नको," तो म्हणाला. "कोंबडीसाटी न्हाय पाळी. गाऱ्हान्यासाटी हाय. तू देवदिवाळीला ये. नारळ घिऊन ये."

मी देवळात जाणारा माणूस नाही. पण गेलो. सभामंडपात गाव जमलेलं होतं, बाराही वाड्या. केरू नेसूचं धोतर सावरत देवीसमोर उभा राहिला. विठू त्याच्या शेजारी, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि मला दिसत होतं की तो ओठ हलवून मनात वाड्या मोजतोय. वाईट माणूस नाही तो. भाऊ सगळ्यांदेखत अडखळला तर आपण सावरावं, म्हणूनच तो इतक्या जवळ उभा होता. माझ्याही हाताची बोटं मोजत होती.

"बा देवा म्हाराजा!" केरूने सुरुवात केली आणि तो किरकोळ म्हातारा एकदम भरदार झाला. "नवलाई, पावनाई, बारा वाडीच्या, बारा वहिवाटीच्या धनी!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

वाड्या आल्या. एकामागून एक आल्या, मानकऱ्यांसकट, त्यांच्या आजारपणांसकट. कुणाचा मुलगा जहाजावर, कुणाची सून बाळंतपणाला, जयगडच्या बंदरात कुणाची नोकरी लागायची राहिलेली. नवव्या बोटाला तळ्याचा कोंड आला. केरू तिथे मुद्दाम थांबला, त्या वाडीच्या लोकांकडे वळला आणि घरटी एकेक नाव घेतलं, सतरा घरं. विठूचे ओठ थांबले. बारावी वाडी झाली. विठू दोन पावलं मागे सरकला आणि गावकऱ्यांत जाऊन उभा राहिला.

मग केरूने बोटाने मला पुढे बोलावलं. माझा नारळ हातात घेतला.

"आनि आज ह्यो परटवन्याचा गुरुपरसाद तुज्या पायाकडं आलाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येनं त्र्यान्नव साली, पावसाच्या दिसांत, टिळक आळीत, लिमये सरांच्या क्लासात, चार डब्यांवर सोळाचं सहासष्ट केलान, म्हाराजा!"

गावाला एक अक्षर कळलं नाही. पण गाऱ्हाण्याला होकार द्यायचा असतो. "व्हय म्हाराजा!" अडीचशे माणसं म्हणाली. मी मान खाली घातली.

"वर बटाटवडं खाल्लान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती चूकभूल पोटात घाल, त्येच्या लेकराबाळांस सुकी ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

केरूने नारळ उचलला. आणि क्षणभर तो देवीकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

"केलान बी ह्येनंच," तो म्हणाला, "आनि ईसरलान बी ह्येनंच, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं, विठू म्हणाला, आणि सगळ्यांत मोठ्याने मी म्हणालो.